प्रमिला अक्काच्या पेशी सासरी गेल्या

माझी नणंद प्रमिला एसटीत कंडक्टर आहे, आणि हे तिने सांगायच्या आधीच समोरच्याला कळतं. कुणाच्या लग्नाला गेली तरी ती मांडवाच्या दारात उभी राहून माणसं आत सरकवते. देवळाच्या रांगेत मध्ये घुसणाऱ्याला दंडाला धरून मागे नेऊन सोडते, मग तो सरपंच असो नाहीतर सरपंचाचा सासरा. आम्ही सगळे तिला अक्का म्हणतो. माझं तिच्याशी नातं दुहेरी. तिची आई माझी सख्खी आत्या, म्हणजे अक्का माझी आतेबहीण. मला दिली तिच्या भावाला, अमृतला, म्हणून ती नणंद. लहानपणी मला ती फार आवडायची. नणंद झाल्यावर ते आवडणं जरा कमी झालं, आणि त्यात माझं काही चुकलं असं मला वाटत नाही.

अक्काचं माहेर, म्हणजे आमचं घर, धरणगावजवळच्या एका खेड्यात. मी तिथून रोज धरणगावला जाऊन शिवणाचा क्लास चालवते. अक्काचं सासर साक्रीचं. बन्सीलाल भाऊजी तिथे मका आणि कांदा करतात, आणि अक्का साक्री–धुळे–जळगाव गाडीवर असते. एकदा पारोळ्याला एक पुढारी गाडीत चढला. तिकीट मागितलं तर छाती काढून म्हणाला, "मले वळखं नही का?" अक्का म्हणाली, "तिकीट दखाड, मंग वळखसू." हा किस्सा ती स्वतःच इतक्या वेळा सांगते की आता तो पुढारी आमच्या घरातलाच वाटायला लागलाय.

अशा बाईच्या हातून जी चूक झाली ती मला सांगायची आहे, आणि तिने ती कशी निस्तरली तेही. त्यासाठी आधी माझ्या मुलाबद्दल सांगावं लागेल.

तेजस आम्हाला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी झाला. जन्मला तेव्हा चांगला गुटगुटीत होता. दोन-अडीच महिन्यांनी त्याच्या तोंडात पांढरे चट्टे उठले. ते औषधाने गेले आणि परत आले. मग जुलाब लागले, ते थांबेनात. मग खोकला. वजन वाढायचं सोडून कमी होऊ लागलं. गावात जो तो औषध सांगायचा, कुणी दृष्ट काढायचा, कुणी माझ्या दुधाला नावं ठेवायचा. शेवटी तो धाप टाकायला लागला तेव्हा अमृतने गाडी केली आणि आम्ही त्याला जळगावला मुलांच्या दवाखान्यात नेलं. तिथे हितेंद्र डॉक्टर होते. तरुण माणूस, मूळचा यावलकडचा, बोलायला शांत.

त्यांनी तेजसच्या छातीचा एक्स-रे काढला आणि बराच वेळ खिडकीच्या उजेडात धरून पाहिला. न्यूमोनिया होताच. पण ते दुसरंच काहीतरी शोधत होते. म्हणाले, "एवढ्या लहान बाळाच्या एक्स-रेमध्ये हृदयाच्या वर एक सावली दिसते. थायमस नावाची ग्रंथी असते, छातीच्या मधल्या हाडामागे. याची सावलीच दिसत नाही."

मला वाटलं, सावली दिसत नाही तर बरंच की. सावली म्हणजे डाग, आणि डाग नसलेला चांगला. मग त्यांनी रक्त तपासलं, काही नमुने मुंबईला पाठवले, आणि आम्हा दोघांना समोर बसवून समजावलं. अंगात शिरलेल्या जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी असतात. त्यांतल्या सगळ्यांत महत्त्वाच्या जातीला टी पेशी म्हणतात. त्या जन्मतात हाडांच्या मगजात, पण तयार होतात थायमसमध्ये, म्हणून नावात टी. मगजातून कोवळ्या, काही न येणाऱ्या पेशी थायमसमध्ये यायच्या आणि तिथून शिकून बाहेर पडायच्या. "तेजसच्या मगजात त्या कोवळ्या पेशींमध्येच जन्मतः दोष आहे," डॉक्टर म्हणाले. "त्यामुळे थायमस रिकामं राहिलं. शाळा आहे, पोरं नाहीत. म्हणून ते आकसलेलं आहे. आज याला साधी सर्दी झाली तरी ती याचा जीव घेऊ शकते."

अमृतने विचारलं, "आणि औषध?"

"मगज बदलायचा. दुसऱ्या कुणाच्या निरोगी मगजातल्या पेशी द्यायच्या. त्या याच्या हाडात बसतील, त्यांची पोरं याच्या थायमसमध्ये जातील आणि तिथे शिकतील. पण देणाऱ्याच्या पेशींवरच्या खुणा याच्याशी जुळायला हव्यात. तुम्हा आईबापांच्या निम्म्या जुळतात. तेवढ्यावरही करतात, पण त्यात धोका जास्त. पूर्ण जुळणारा कुणी मिळाला तर फार बरं. रक्ताच्या जवळच्या नात्यातले सगळे तपासून घ्या. लवकर."

"रक्ताच्या नात्यातले सगळे" हे शब्द अमृतने जसेच्या तसे घरी फोनवर सांगितले. आणि घोटाळा तिथेच झाला, पण कुणाला कळला नाही.

माझे सासरे पितांबर आबा. त्यांनी ऐकलं आणि लगेच म्हणाले, "रगत आम्हनं शे. आम्हना भाऊबंदसमांच भेटी." त्यात श्रावण लागलेला, कानबाई देवीचा सण तोंडावर आलेला. आमच्या खानदेशात कानबाईला भाऊबंद कुठेही असोत, सुरतेला असोत की पुण्याला, गावी येतात म्हणजे येतातच. घराण्यातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ गहू मोजून घेतात, त्याचे रोट होतात, आणि ते रोट फक्त भाऊबंदांनी खायचे. बाहेरच्याला त्यातला घास द्यायचा नाही. आमच्या घराण्यात लग्न करून दिलेल्या लेकीलाही नाही; आंडेर म्हणतात तिला आमच्याकडे. ती दोन दिवस आधी येते, सारवते, दळते, पुरण शिजवते, आणि रोटाच्या पंगतीला वाढायला उभी राहते. अक्का दरवर्षी हेच करते. मी कधी तिला त्याबद्दल कुरकुरताना ऐकलं नाही.

म्हणजे सगळे एकाच दिवशी एकाच अंगणात येणार होते. याहून चांगली सोय कुठली? दवाखान्याने एक माणूस पाठवायचं कबूल केलं. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची, झाला नमुना. आणि हे काम कोण रांगेला लावणार हे विचारायलाच नको होतं.

मी तेव्हा जळगावला तेजसजवळ होते. खोलीत तोंडाला फडकं बांधून मी एकटीच, बाहेरच्या कुणाला प्रवेश नाही. अमृतने मला व्हिडिओ कॉल लावून अंगण दाखवलं. एका कोपऱ्यात कानबाई मांडलेली, गाणी चाललेली, आणि दुसऱ्या कोपऱ्यात अक्का. पदर खोचलेला, हाताने रेटून माणसं पुढे ढकलतेय. "पुढे सरका, पुढे सरका, पुढे जागा शे." झुलाल नाना, म्हणजे आबांचे चुलतभाऊ, घराण्यातले सगळ्यांत थोरले, तोंड मिटून उभे. अक्का त्यांच्यापुढे कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "नाना, पहिले तमाखू थुकी या." नानांना आयुष्यात असं कुणी सांगितलं नव्हतं. ते गेले आणि थुंकून आले. मग तोंड उघडून दात दाखवत बसले तेव्हा अक्का ओरडली, "माले दात नही देखाना, गाल देखाना शे!" सगळं अंगण हसलं. मीसुद्धा त्या खोलीत फडक्याआड हसले. बऱ्याच दिवसांनी हसले होते.

आबांपासून पाळण्यातल्या पोरापर्यंत एकही पुरुष सुटला नाही. सुरतेहून उशिरा आलेल्या दोघांना तिने पाणीसुद्धा न पिऊ देता काडीपुढे उभं केलं. संध्याकाळी सगळ्यांचे नमुने झाल्याचं सांगायला तिने मला फोन केला आणि म्हणाली, "कामिनी, बठ्ठा व्हई गया. आते तू बिनघोर राह." तिच्या आवाजात इतका भरवसा होता की मी खरंच बिनघोर झाले. रात्री मला शांत झोप लागली.

अहवाल यायला वेळ लागला, आणि त्या काळात तेजसला परत एकदा ताप येऊन गेला. मग एका सकाळी डॉक्टरांनी आम्हाला बोलावलं. अक्काची जळगावची फेरी होती, तीही गणवेशातच येऊन बसली. डॉक्टर म्हणाले, "एकही जुळत नाही. काहींच्या निम्म्या खुणा आहेत, पण पूर्ण कुणाच्याच नाहीत. आणखी कोण राहिलंय?"

"कोनी नही," अक्का ठासून म्हणाली. "एक माणूस सोडेल नही मी."

डॉक्टरांनी अमृतकडे पाहिलं. "तुम्हाला सख्खी भावंडं?"

"भाऊ नाही," अमृत म्हणाला. "ही बहीण."

"यांचा नमुना कुठाय?"

अक्काच अगदी साधेपणाने म्हणाली, "मना कसाले? मी त आते साक्रीनी शे. मना आडनाव दुसरं शे."

हितेंद्र डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अक्का, मगजातल्या पेशींना आडनाव माहीत नसतं हो," ते म्हणाले. मग त्यांनी कागदावर दोन रेघा मारून दाखवलं. तेजसला खुणांचे दोन संच मिळालेत. एक अमृतकडून, तो आबांच्या घराण्यातला. दुसरा माझ्याकडून, माझ्या वडिलांच्या घराण्यातला. भाऊबंदांकडे पहिला संच सापडेल, पण दुसरा त्यांच्याकडे कुठून यायचा? माझ्या माहेरी दुसरा सापडेल, पण पहिला नाही. दोन्ही घराणी एकाच अंगात येऊ शकतात ती फक्त आबा आणि माझ्या आत्याच्या पोटच्या मुलांच्या. पण अमृतला त्याच्या आईकडून माझ्याशी जुळणारा संच आलाच नाही, तिचा वेगळाच आलाय. म्हणजे उरली अक्का. "जुळेलच असं नाही," ते म्हणाले, "पण पहिल्यांदा तपासायला हवं होतं ते तुम्हालाच."

मला फार संताप आला. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की बहुधा आमच्या या जवळच्या लग्नामुळेच दोन्हीकडचा दोष तेजसमध्ये एकत्र आला. ते दुखणं आम्ही गिळलं होतं. आणि आता त्याच नात्यातून उपाय निघू शकतो, तो दारात उभा राहून दुसऱ्यांना आत ढकलत होता, हे ऐकून मी अक्काला बाहेर व्हरांड्यात आणून तिच्यावर ओरडले. "अक्का, बठ्ठासले गाडीमां चढाडं, अन् तुम्हीच खाले राही गयात!"

अक्काने उलट उत्तर दिलं नाही. नणंद झाल्यापासून पहिल्यांदा तिने उलट उत्तर दिलं नाही. ती तशीच परत आत गेली, डॉक्टरांसमोर बसली आणि आ वासला. डॉक्टर म्हणाले, "थांबा, काडी तरी आणू द्या."

जुळलं. पूर्णच्या पूर्ण जुळलं.

आबांना हे अमृतने फोनवर सांगितलं. आबा म्हणाले, "घरनी आंडेर, तिले कोनीच इचारं नही." मग फोन ठेवून दिला. साक्रीला अक्काच्या सासरी जरा कुरबुर झाली. हाडातून काढणार म्हणजे कंबर जाणार, मग गाडीत उभी कशी राहणार, असं चारजण म्हणाले. अक्काने जेवता जेवता त्यांना सांगितलं की मी विचारत नाहीये, सांगतेय. बन्सीलाल भाऊजींनी तिच्या पानात आणखी एक भाकरी वाढली. त्यांची संमती अशीच असते.

पेशी द्यायचं काम मुंबईच्या एका मोठ्या दवाखान्यात झालं. अक्काने मनाची भयंकर तयारी केली होती. भूल उतरल्यावर तिने पाहिलं तर तिच्या कंबरेला दोन लहानशा पट्ट्या आणि समोर रक्तासारखीच एक लाल पिशवी. "इतलंच?" ती म्हणाली. तिची जरा निराशाच झाली. त्याच दिवशी ती पिशवी नळीतून थेंब थेंब तेजसच्या शिरेत गेली. तो झोपला होता. मी काचेतून पाहत होते, आणि मला खरं सांगायचं तर देवाचं नावही आठवत नव्हतं. मी नुसतं "जा, जा, जा" म्हणत होते.

खरी परीक्षा त्यानंतर होती. पेशी दिल्या म्हणजे काम झालं असं अक्काला वाटत होतं. आम्ही जळगावला परतलो, दवाखान्याजवळ एक खोली घेतली, आणि अक्काने बिनपगारी रजा काढली. पहिल्याच भेटीत ती हितेंद्र डॉक्टरांना म्हणाली, "आता तेजसला कधी बाहेर काढायचं?"

डॉक्टर म्हणाले, "महिने लागतील." आणि मग त्यांनी ते महिने कशात जाणार ते सांगितलं. अक्काच्या पेशी आधी तेजसच्या हाडांत घर करतील. तिथून काही कोवळ्या पेशी निघून थायमसमध्ये जातील. त्या वेळी त्या सगळ्या एकसारख्या असतात, कोण पुढे काय होणार हे कुणी सांगू शकत नाही. त्या आत वाढतात, आणि प्रत्येकीच्या अंगावर खुणा वाचायचं एक साधन तयार होतं. प्रत्येकीचं वेगळं, कसंही जमून आलेलं. मग परीक्षा. अंगातल्या आपल्या पेशींवर ओळखीच्या खुणा असतात, दोन तऱ्हांच्या. जिला त्यातली कुठलीच वाचता येत नाही ती तिथेच मरते. जिला एक तऱ्हा वाचता येते ती पुढे मदतनीस होते, दुसऱ्या पेशींना कामाला लावते. जिला दुसरी तऱ्हा वाचता येते ती मारेकरी होते, जंतू शिरलेल्या पेशीला संपवते. आणि जी आपल्याच माणसांवर धावून जाते तिला थायमसमध्येच मारून टाकतात. अशांतल्या काही थोड्यांना मात्र वेगळंच काम देतात, बाकीच्यांना आवरायचं.

अक्का लक्ष देऊन ऐकत होती. "आनि पास कितल्या व्हतस?"

"शंभरातल्या दोन-चार."

"बाई!" अक्का म्हणाली. "आमच्या ट्रेनिंगला आम्ही सगळे एकाच बॅचचे होतो. कुणी कंडक्टर झालं, कुणी ड्रायव्हर, कुणी वर्कशॉपला गेलं. पण नापास दोघंच झाले होते."

मग तिने एकदम विचारलं, "म्हणजे पेशी माझ्या, पण शिकणार याच्या घरात?"

"हो. आणि याच्या घरातल्यांनाच आपलं म्हणायला शिकणार."

अक्का हसली. अशी हसली की बाहेर बसलेल्या बाया दारातून डोकावल्या. "असं सांगा ना! मन्या पेशी सासरले गयात!"

आणि मग तिने डॉक्टरांना स्वतःची गोष्ट सांगितली, जी मीही कधी ऐकली नव्हती. लग्न होऊन साक्रीला गेली तेव्हा डोक्यावरून पदर इतका खाली की तिला फक्त माणसांचे पाय दिसायचे. पहिल्याच आठवड्यात दुपारी एक माणूस ओट्यावर येऊन बसला. तिला वाटलं सासऱ्यांचे कुणी पाहुणे. तिने पाटपाणी केलं, ताट वाढलं, वरून तूप घातलं. तो बियाणं विकणारा होता. दुसऱ्या दिवशी धुळीने भरलेल्या पायांचा एक म्हातारा आला, त्याला तिने "पुढे जा बाबा" म्हणून दारातून हाकललं. ते बन्सीलाल भाऊजींचे सख्खे मामा, शेवग्याच्या शेंगा घेऊन चालत आलेले. "परक्याला ताट आणि आपल्याला दार," अक्का म्हणाली. "डॉक्टर, अशा पेशीचं तिथे काय करतात?"

"मारून टाकतात."

"बरं झालं मी माणूस होते," अक्का म्हणाली. "माझ्या सासूने मला वर्षभर ओट्यावर बसवून एकेकाची ओळख करून दिली."

त्या दिवसापासून ती बदलली. घाई करेनाशी झाली. पण दारातला पहारा दुप्पट झाला. खोलीच्या दाराशी खुर्ची टाकून ती बसायची, आणि येणाऱ्या प्रत्येकाला तिथूनच परत लावायची. झुलाल नाना लाडू घेऊन आले, लाडू ठेवून घेतले आणि नानांना परत लावलं. माझी आई आली, तिलाही. मी चिडले, अक्काशी दोन दिवस बोलले नाही, पण मनातून मला ठाऊक होतं की ती बरोबर आहे. आबा दर रविवारी यायचे. ते खालच्या रस्त्यावर उभे राहायचे आणि मी तेजसला काचेच्या खिडकीशी धरायची. आबा टोपी काढून हलवायचे. एवढंच, आणि मग ते बसस्टँडकडे निघायचे.

दर महिन्याला रक्त मुंबईला जायचं. काही टी पेशी दिसायला लागल्या तशी मी नाचलेच. डॉक्टरांनी मला आवरलं. म्हणाले, या पिशवीतून आलेल्या, अक्काच्या अंगात शिकून तयार झालेल्या. त्या काही दिवस साथ देतील. आपल्याला हव्यात त्या तेजसच्या थायमसमधून नव्याने शिकून निघालेल्या, त्यांची खूण वेगळी असते. आणि त्या नव्हत्या. पुढच्या महिन्यातही नव्हत्या. त्याच्याही पुढच्या महिन्यात नव्हत्या.

तेव्हा मात्र अक्का खचली. मी तिला खचलेली पहिल्यांदाच पाहत होते, आणि मला ते सहन झालं नाही. डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर येताना ती वळली आणि म्हणाली, "डॉक्टर, मन्या पेशी नापास व्हई गयात का? मी उशीर करा म्हनून?" डॉक्टर म्हणाले, "अक्का, याचं थायमस जन्मापासून रिकामं होतं. आधी ते वाढतंय. वर्गच बांधला जातोय अजून. थांबा." त्या रविवारी खालून आबांनी टोपी हलवली तेव्हा अक्का खिडकीशी आलीच नाही. मी तिला हाताला धरून आणलं. म्हटलं, अक्का, तुम्ही रडलात तर मी कुणाच्या जिवावर उभी राहू? ती म्हणाली, मी कुठे रडते. आणि खरंच रडत नव्हती.

होळीच्या सुमारास पहिल्यांदा अहवालात त्या नव्या पेशी आल्या. अगदी थोड्या, पण आल्या. मदतनीसही होत्या आणि मारेकरीही. पुढच्या वेळी वाढल्या, त्याच्या पुढच्या वेळी आणखी. डॉक्टरांनी एकेक बंधन सैल केलं. आम्ही घरी आलो. आबांनी नातवाला वर्षभरात पहिल्यांदा मांडीवर घेतलं आणि कितीतरी वेळ कुणाला दिलं नाही. अक्का पुन्हा गाडीवर रुजू झाली. तरी अहवालातले आकडे वेगळे आणि खरा जंतू वेगळा, हे आम्ही सगळे जाणून होतो. पेशी आहेत. पण त्या लढतात का? ते कुणालाच माहीत नव्हतं, आणि कुणाला पाहायचंही नव्हतं.

एका सकाळी तेजस शिंकला. मग पुन्हा शिंकला. दुपारपर्यंत नाक वाहायला लागलं आणि अंग कोमट झालं. अमृतने डॉक्टरांना फोन लावला, आम्ही तसेच जळगावला गेलो. त्यांनी तपासलं, छाती ऐकली, रक्त घेतलं. म्हणाले, "साधी सर्दी आहे. औषध देत नाही. दवाखान्यात ठेवून घेतो आणि बघतो." मी म्हणाले, "बघतो म्हणजे?" ते म्हणाले, "म्हणजे तो काय करतो ते बघतो."

आयुष्यात इतकी असहाय मी कधी झाले नाही. ताप चढला. मी त्याचे पाय चोळत बसले. अक्काला मी कळवलं नाही; तिच्याच्याने ड्युटी झाली नसती, आणि माझ्याच्याने तिचा आवाज ऐकवला नसता. दुसऱ्या दिवशी ताप तसाच. तिसऱ्या दिवशी सकाळी मी डुलकीतून जागी झाले तेव्हा तेजस उठून बसला होता. कपाळ गार. नाकातला शेंबूड ओठांवर वाळलेला. त्याने माझ्या हातातला चमचा ओढला आणि ताटलीवर आपटायला लागला. त्याला भूक लागली होती.

डॉक्टर आले, त्याच्याकडे पाहिलं, आणि त्यांचेही डोळे भरले. "जिंकला," एवढंच म्हणाले.

मी बाहेर येऊन अक्काला फोन लावला. ती ड्युटीवर होती, गाडी धुळ्याकडून येत होती, मागे माणसांचा गलका. मी सांगितलं. तेजसला सर्दी झाली होती, ताप होता, तीन दिवस दवाखान्यात होतो.

"कोनतं औषध दिनं?" तिने हळूच विचारलं.

"काहीच नाही, अक्का. काहीच दिलं नाही. त्याचा तोच बरा झाला."

मग घंटी वाजल्याचा आवाज आला, आणि गाडी करकचून थांबली. ड्रायव्हर विचारत होता काय झालं, कोण उतरतंय? जीवराम त्याचं नाव, बरीच वर्षं तिच्या जोडीला होता.

"कोनी नही उतरत," अक्काचा आवाज आला. "जीवराम, गाडी थांबाड जराशी. माले रडानं शे."

आणि ती रडली. भरल्या गाडीत, रस्त्याच्या कडेला, मोठ्याने. मागून एका बाईने विचारलं, काय झालं हो, कुणी गेलं का? अक्का हुंदके देत तिला सांगत होती, "नही ओ बाई. मना भाचाले सर्दी व्हयेल व्हती." मी फोन कानाला धरून ऐकत राहिले, आणि मलाही तो ठेववेना.